लेल्यांचं बोट

लेले पहिल्यांदा माझ्या दुकानात आले तेव्हा त्यांनी माझं नवंकोरं स्टूल पाडलं. चुकून नव्हे. समोर उभं राहून, चष्मा नाकावर नीट बसवून, उजव्या हाताच्या तर्जनीनं त्याच्या वरच्या कडेला हलकेच दाबलं. स्टूल आडवं झालं. माझ्याकडे वळून म्हणाले, "बरं झालं, आत्ताच कळलं."

मग त्यांनी ओळीनं सगळ्या मालाला बोट लावलं. खुर्च्या झाल्या, टीपॉय झालं, शेवटी एक लोखंडी कपाट आलं. कपाट जागचं हललं नाही तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. मी जरा ऐटीत म्हटलं, "बघा, किती स्टेबल आहे."

"हे स्टेबल आहे हे तुम्हांला कसं कळलं?"

"हललं नाही की हो."

"हललं नाही म्हणजे ते जड आहे. ढकलल्यावर हलतं आणि आपलं आपण जागेवर परत येतं, त्याला स्टेबल म्हणतात. नुसत्या पडून राहणाऱ्या वस्तूला तो शब्द लावू नये."

मी म्हटलं, "सरी, बरं, तुम्हांला काय पाहिजे ते सांगा." त्यांना बायकोला स्वयंपाकघरात बसायला स्टूल हवं होतं. मागच्या खोलीत मी एक बुटकं, पाय फाकवून उभं राहणारं, दिसायला अगदीच वाईट असं स्टूल टाकून दिलं होतं. ते लेल्यांनी शोधून काढलं, ढकललं, ते डुगडुगलं आणि परत चार पायांवर आलं. लेल्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद दिसला की मला त्या स्टुलाचे पैसे मागायची लाज वाटली. मागितले, पण लाज वाटली.

आमचं फर्निचरचं दुकान जयनगरच्या बाजारात आहे. आमचं घराणं बेंगळुरात इतकं जुनं की आमची मराठी ऐकून पुण्याची माणसं आधी हसतात आणि मग "किती गोड" म्हणतात. मला दोन्हींचा राग येतो. लेले पुण्याचे, पण ते हसले नाहीत. त्यांना माझ्या मराठीत रस नव्हता, माझ्या स्टुलांत होता. म्हणून आमचं जमलं.

नोकरीला ते एका सरकारी प्रयोगशाळेत होते. तिथे विमानांचं काहीतरी चाले. काय चाले ते सांगायची परवानगी नव्हती. सुमतीबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, म्हणायच्या, "काही नाही हो अण्णा, तिथेही ढकलूनच बघतात. फक्त सरकारी पगार मिळतो त्याचा." मला इकडच्या पद्धतीनं अण्णा म्हणणारी पुण्याची ती एकच बाई. मीही त्यांना अक्का म्हणायचो.

एकदा त्यांनी मला जेवायला बोलावलं. पहिला घास घेणार तोच लेल्यांनी माझी आमटी माझ्या भातावर ओतली, वाटी रिकामी करून घेतली आणि तिच्यात एक लिंबू ठेवलं. बोटानं ढकललं. लिंबू कडेवर चढलं आणि घरंगळत तळाशी परत आलं. "स्टेबल." मग वाटी पालथी घातली, लिंबू तिच्या डोक्यावर ठेवलं, ढकललं. लिंबू माझ्या मांडीवर. "अनस्टेबल." मग ते सपाट ताटात ठेवलं आणि ढकललं. जिथपर्यंत ढकललं तिथपर्यंत गेलं आणि थांबलं. "हे न्यूट्रल. पडत नाही, पण परतही येत नाही. तुम्ही न्याल तिथे राहतं. लोक यालाच स्टेबल समजतात, सगळा घोटाळा इथे होतो."

"आता ते लिंबू कापून द्या त्यांना," अक्का म्हणाल्या. "भात गार होतोय."

त्या काळात दिल्लीत सरकारं येत-जात होती आणि रोज कुणीतरी पेपरात स्टेबल सरकारची हमी देत होतं. लेले माझ्या दुकानात बसून पेपर वाचत आणि प्रत्येक वेळी विचारत, "ढकलून बघितलंय का कुणी?" काही दिवसांनी कुणीतरी ढकलून बघेच. मग लेले पेपराची घडी घालत आणि माझ्याकडे बघून मान हलवत, जणू मीच हमी दिली होती.

आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत त्यांनी मांडवाच्या खांबाला बोट लावलं. मांडव पडला नाही, पण इतका वेळ हलत राहिला की आरतीला उभ्या असलेल्या बायका मुलांना घेऊन बाहेर पळाल्या. पुढच्या वर्षापासून लेल्यांना खांबांपासून लांब, प्रसादाच्या टेबलाशी उभं करायचं ठरलं. तिथे त्यांनी टेबलाला बोट लावलं.

सगळ्यांत कहर झाला तो मंडळाच्या अध्यक्षांच्या घरी. मुलीचं लग्न ठरवायला मुलाकडचे आले होते. मुलाचे वडील म्हणाले, "आमचा मुलगा अगदी स्टेबल आहे." लेले उठले. अक्का "अहो, हात" म्हणेपर्यंत त्यांनी मुलाच्या खांद्याला बोट लावून दाबलंसुद्धा. मुलगा सोफ्यावर मागे कलला आणि गोंधळून परत सरळ बसला. "हरकत नाही," लेले म्हणाले, "पुढे जा." ते लग्न झालं आणि चांगलं टिकलं, पण अध्यक्षांनी लेल्यांना पत्रिका दिली नाही.

मी अक्कांना विचारलं, "तुम्हांला बघायला आले तेव्हा ढकललं होतं काय हो?"

"माझ्या हातात चहाचा ट्रे होता," अक्का म्हणाल्या. "म्हणून वाचले."

अक्का त्याची फेड रोज करत. लेले पाठमोरे उभे दिसले, की येता-जाता त्यांच्या पाठीत एक बोट खुपसायच्या. लेले पुढे झुकत आणि परत सरळ होत. "आहे, स्टेबल आहे," अक्का म्हणत आणि कामाला लागत. लेले वळूनही बघत नसत. मला त्या दोघांचा हेवा वाटायचा, खोटं कशाला सांगू.

त्यांना एकच मुलगा, मिलिंद, अमेरिकेत. कॉम्प्युटरवाला. लेल्यांच्या घरच्या फोनवरून परदेशी लागत नसे आणि माझ्या दुकानाच्या कोपऱ्यात आयएसडी बूथ होता, त्यामुळे दर रविवारी सकाळी नवरा-बायको माझ्याकडे यायचे. बूथचं दार लावलं की आपलं आपण उघडत असे. मी सुतार बोलावणार होतो, तर लेले म्हणाले, "कशाला? हे दार स्टेबल आहे. फक्त उघडं स्टेबल आहे." त्यामुळे त्यांचं सगळं बोलणं मला ऐकू यायचं.

मिलिंदची पहिली कंपनी बुडाली. पुढचे काही महिने त्यानं मित्राच्या घरी जमिनीवर झोपून काढले. मग दुसरी नोकरी लागली. त्या रविवारी अक्का फोनवर रडल्या आणि हसल्या. लेल्यांनी मात्र तब्येत विचारली, हवा विचारली, नोकरीचं काही विचारलं नाही. तिकडून मुलगा काहीतरी म्हणाला असावा, कारण लेले म्हणाले, "नाही, स्टेबल नाही म्हणणार. अजून कुणी ढकललेली नाही." फोन ठेवून अक्का मला म्हणाल्या, "जन्मापासून हेच ऐकतंय पोरगं. पहिला नंबर आला तरी हे स्टेबल म्हणाले नाहीत. ह्यांच्या तोंडून हा शब्द एकदा निघाला ना, की मिलिंद डोळे मिटून झोपेल."

पुढल्या वर्षी उन्हाळ्यात अक्का भाजी घ्यायला आल्या आणि माझ्या दुकानापासून थोड्याच अंतरावर रस्त्यात कोसळल्या. मेंदूत रक्तस्राव झाला होता. रिक्षात मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं होतं. त्या डोळे उघडतील म्हणून मी सारखं अक्का, अक्का करत राहिलो. त्यांनी उघडले नाहीत.

इस्पितळातली डॉक्टर तरुण मुलगी होती, इथलीच, कन्नड. दुसऱ्या दिवशी बाहेर येऊन तिनं लेल्यांना इंग्रजीत सांगितलं की पेशंट स्टेबल आहे. मी डोळे मिटून घेतले. मला पुढचं ठाऊक होतं.

"म्हणजे काय?" लेल्यांनी विचारलं.

"म्हणजे रक्तदाब, नाडी, काही बदललेलं नाही."

"ते स्टेडी. त्यासाठी वेगळा शब्द आहे. आत्ता तिला काही झालं तर ती आपली आपण परत येईल का?"

लेल्यांनी खिशात हात घातला. नशीब, लिंबू नव्हतं. पण त्यांनी हातवारे करून वाटी, पालथी वाटी आणि ताट, सगळं तिला समजावून सांगितलं. मागे नातेवाईक खोळंबले होते, नर्स हाका मारत होती. दुसरी कुणी असती तर तिनं आम्हांला हाकललं असतं. हिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सर, उद्यापासून मी तुम्हांला स्टेडी म्हणेन." तिनं शब्द पाळला. बाकी सगळ्यांना स्टेबल सांगायची आणि लेल्यांपाशी आली की अडखळून स्टेडी म्हणायची.

भेटायला आत सोडत तेव्हा लेले खाटेशेजारी उभे राहत आणि अक्कांच्या उजव्या हाताच्या बोटाला आपलं बोट लावत. हलकेच ढकलत. अक्कांचं बोट चादरीवर जरासं सरके आणि सरकलं तिथेच राही. लेले वाट बघत. मग स्वतःच ते बोट उचलून पूर्वीच्या जागी ठेवत आणि परत ढकलत. एवढी वर्षं मी त्या बोटाला हसत आलो होतो. त्या खोलीत मला ते बघवेना, मी बाहेर येऊन जिन्यात बसायचो.

एका शनिवारी डॉक्टरनं आम्हां दोघांना बाजूला घेतलं. त्या दिवशी ती स्टेबलही म्हणाली नाही आणि स्टेडीही म्हणाली नाही. म्हणाली, "आता फार दिवस नाहीत. मुलाला यायचं असेल तर लगेच बोलवा."

रविवारी सकाळी लेले एकटे बूथमध्ये शिरले. दार त्यांच्या मागे उघडलं. मिलिंदचं काय अडलंय ते मला माहीत होतं. त्याचे तिथे राहायचे कागद बदलायला दिले होते. ते हातात यायच्या आत देश सोडला, तर परत आत घेतील याची खात्री नव्हती, आणि नोकरी तर जाणारच होती. तरी तो येतो म्हणत होता. बाबांनी फक्त सांगावं, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

लेले बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "नको. घाई करू नकोस." परत ऐकलं. "नाही, डॉक्टरचं नाही सांगत. मी सांगतोय." मीटरचे लाल आकडे पळत होते. पलीकडून मिलिंदनं काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही, पण उत्तरावरून कळलं.

"हो," लेले म्हणाले. "माझ्याच अर्थानं. स्टेबल आहे."

फोन ठेवून ते बाहेर आले. मला इतका संताप आला होता की मी त्यांची वाट अडवून उभा राहिलो. "साहेब, काल ती बाई काय म्हणाली? ऐकलं नाही काय तुम्ही?"

"ऐकलं."

"मग? पोराला आईचं तोंड बघू द्यायचं नाही काय?"

लेले माझ्याकडे बघत नव्हते. समोरच्या खुर्च्यांकडे बघत होते. "तो आत्ता कुठे उभा राहिलाय, नागोजीराव," ते म्हणाले. "आत्ता ढकलला तर परत उभा राहील की नाही, मला ठाऊक नाही. आणि सुमतीला आता कोण आलं, कोण गेलं, काही कळत नाही. मी रोज बघतोय."

मला ते पटलं नाही. आजही पूर्ण पटलेलं नाही. पण मी वाटेतून बाजूला झालो.

अक्का त्याच आठवड्यात गेल्या. मिलिंदला लेल्यांनीच सांगितलं, त्याच बूथमधून. या वेळी पलीकडचं ऐकायला कान द्यावा लागला नाही. पोरगं ओरडत होतं, "पण तुम्ही स्टेबल म्हणाला होतात. बाबा, तुम्ही म्हणाला होतात." लेले फोन कानाशी धरून उभे होते. "हो," म्हणाले, "म्हणालो होतो."

कागद हातात आल्यावर, महिन्याभरानं, मिलिंद आला. जायच्या आदल्या दिवशी बाप-लेक माझ्या दुकानात आले. मी कॉफी मागवली. मिलिंद त्या स्टुलांच्या ओळीकडे बघत मला म्हणाला, "काका, दुसऱ्या कुणीही सांगितलं असतं ना, तर मी विश्वास ठेवला नसता. तडक निघालो असतो. बाबांनी सांगितलं म्हणून थांबलो. आयुष्यभर सगळ्यांना तो शब्द शिकवला आणि आईच्या वेळेला ह्यांनाच कळलं नाही."

"हो," लेले म्हणाले. "चुकलंच माझं. मला वाटलं होतं, येईल परत."

मी तोंड उघडलं. एवढ्या खोट्यापुढे मला गप्प बसवेना. आपल्या बापाला त्या शब्दाचा अर्थ कळत नाही असं वाटून हा मुलगा परत जाणार होता, आणि बाप ते मान्य करत होता. तेवढ्यात माझ्या मनगटावर लेल्यांचं बोट आलं. ते ढकलत नव्हतं. नुसतं ठेवलेलं होतं. मी कॉफी प्यायलो.

मिलिंद वाईट मुलगा नाही. रागावलेला होता, पण निघताना खाली वाकून नमस्कार केला. "वय झालंय त्यांचं, लक्ष ठेवा," असं मला सांगून गेला. बापाची चूक झाली एवढंच घेऊन तो गेला. ते ओझं त्याला पेलण्यासारखं होतं. आपल्या नोकरीपायी आईची भेट हुकली, हे कदाचित पेललं नसतं. लेल्यांनी हे असं काही मला समजावून सांगितलं नाही. ते मी नंतर दुकानात बसल्या बसल्या जुळवलं.

त्यानंतरच्या रविवारी लेले ठरल्या वेळेला आले. बूथमध्ये गेले. पोचलास का, हवा कशी आहे, जेवतोस ना. तिकडून उत्तरं लहान येत असावीत, कारण अक्का असताना ज्या फोनला संपवा म्हणावं लागे, तो लगेच संपला. लेले बाहेर आले आणि दुकानाच्या मधोमध उभे राहिले. आजूबाजूला सगळा माल होता. त्यांनी कशालाही बोट लावलं नाही. अक्का पडल्या त्या दिवसापासून माझ्या दुकानातलं एकही स्टूल त्यांनी पाडलं नव्हतं.

मी विचारलं, "कसे आहात साहेब?"

"मला काय ठाऊक," ते म्हणाले. "बघा तुम्हीच." आणि माझ्याकडे पाठ करून उभे राहिले.

आधी मला कळलं नाही. मग कळलं. मी जवळ गेलो आणि अक्का लावत तसं त्यांच्या पाठीला एक बोट लावलं. फार हलकं. लेले पुढे झुकले, परत आले, पण सरळ झाल्यावर थांबले नाहीत. मागे कलले आणि माझ्या बोटावर आले. सगळं अंग टाकून. मी बोटाचा पंजा केला, मग दुसरा हातही लावला. त्यांच्या शर्टातून मला त्यांचं हुंदके देणं हाताला कळत होतं, आवाज मात्र नव्हता.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आत आलं आणि दारातल्या खुर्चीची किंमत विचारू लागलं.

"स्वल्प थांबा," मी म्हटलं. माझे दोन्ही हात अडकलेले होते.